थांबलेल्या चाकाचा आवाज

बानूची इद्दत, नवऱ्यामागे घरात पाळायचे चार महिने दहा दिवस, संपली त्या दुपारी सिद्दीकने शिरूरच्या घरामागच्या पडवीत मोटारसायकल स्टँडवर चढवली. लढाईच्या काळातली जुनी गाडी. थोरला भाऊ बाबुलाल तिच्यावरून शीळ घालत कांद्याच्या सौद्यांना हिंडायचा. न्हावऱ्याच्या रस्त्यावर, सरळ सपाट जागी, तो पडला आणि जागीच गेला. लोक म्हणाले, पिऊन होता. तेव्हापासून अब्बांनी घरात त्याचं नाव काढू दिलं नव्हतं.

"मागलं चाक जाम झालं असंल, भाईजान," बानू दारातून म्हणाली. "ते पीत न्हवते. तुमी कालेज शिकलेले, तुमचं तरी अब्बा ऐकतील."

"बेरिंग जळलं असेल तर दिसेलच, भाभी."

नट सोडून त्याने आस ओढून काढली, चाक उतरवलं, बेरिंग रॉकेलमध्ये धुतलं. छर्ऱ्यांवर खळगा नव्हता. तापल्याची निळी झाक नव्हती. आसेवर साधा ओरखडाही नव्हता. त्याने दोनदा बघितलं, उन्हात धरून बघितलं. मग नवं ग्रीस भरून सगळं परत बसवलं.

शेवटी मिस्त्री करतात तसं त्याने पेचकसाचं टोक चाकाच्या मधल्या तुंब्यावर, जिथे आरे येऊन मिळतात तिथे, टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली आणि चाक फिरवलं. बारीक, एकसारखी सरसर. चाक मंदावलं, थांबलं.

सरसर थांबली नाही.

त्याने आरे हाताने धरले. चाक जागच्या जागी होतं, इंजिन गार होतं. कानाशी लावलेल्या मुठीत मात्र चाक पळत होतं, वेग घेत होतं. वाऱ्यात कुणीतरी शीळ घालत होतं. मग खरखर, लोखंडावर लोखंड. एक चिरका आवाज. पुढे काहीच नाही.

त्याने चाक पुन्हा उतरवून बघितलं. बेरिंग तसंच स्वच्छ. चाक जोडून त्याने पेचकस बानूच्या हातात दिला. ती वाकून ऐकत राहिली. मध्येच तिचे ओठ शीळ घातल्यासारखे हलले. शेवटाला ती दचकली.

"सुदीवर व्हते," ती म्हणाली. "शीळ कुटं चुकली न्हाई. आता सांगा अब्बांना."

अब्बा गाडीला गिऱ्हाईक घेऊनच आले. खुटबावचे बापूसाहेब, बागायतदार. दर वाक्याला घसा खाकरायची त्यांना सवय.

"काय शास्त्रज्ञ, अंहं, चाक बघितलंस का नुस्ताच काळा झालास?"

अब्बा गाडीकडे बघत नव्हते. "बेरिंग कसं हाय? खरं सांग."

सिद्दीकने बानूकडे पाहिलं. थांबलेलं चाक बोलतं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"चांगलं आहे," तो म्हणाला. "काही दोष नाही."

"म्हंजी पिऊनच व्हता," अब्बा म्हणाले आणि आत गेले.

बानू रडली नाही. कपड्यांचं गाठोडं घेऊन ती दौंडला, माहेरी निघाली. दारात थांबून एवढंच म्हणाली, "तुमी तर ऐकलं व्हतं."

सौदा उरकून बापूसाहेबांनी किक मारली. न्हावऱ्याच्या रस्त्याला धूळ उठली आणि बसली.

सिद्दीक हत्यारं पुसत बसला. पेचकस पुसला, आणि का कोण जाणे, मूठ कानाला लावली. टोक कशालाच टेकलेलं नव्हतं.

चाक पळत होतं.

शीळ नव्हती.

कुणीतरी घसा खाकरला, आणि मागोमाग, अगदी हळू, खरखर सुरू झाली.