तिसऱ्या बटणाचा हिरवा दोरा

जहाज बेटाला लागलं त्या सकाळी आमच्या हिच्या कोटाचं वरून तिसरं बटण निघून आलं. एरवी ही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. बटणं निघतातच, आणि बेचाळीस वर्षं बायकांचे कोट शिवलेला माणूस नवरा असला की ती परत लागतातही. पण जवळ राखाडी दोरा नव्हता. खोलीच्या कपाटात जहाजवाल्यांनी काडेपेटीएवढी शिवणपेटी ठेवली होती, तिच्यात पांढरा, लाल आणि हिरवा असे तीनच दोरे. मी हिरवा घेतला.

"राखाडीवर हिरवा?" ही म्हणाली. "दुकान बंद केलंत ते बरंच झालं."

घरी गेल्यावर बदलून देईन म्हटलं. उरलेला दोरा सुईत तसाच ठेवून सुई माझ्या कॉलरच्या आत टोचली. ही शिंप्याची खोड, जन्मात जात नाही. आणखी एक सांगून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे. जाड कापडावर बटण लावलं की त्याच्याखाली दोऱ्याचे वेढे घालतात, म्हणजे बटणाला मान येते. मी डावखुरा. माझे वेढे उलटे पडतात. गिऱ्हाइकाला ते कधी कळलं नाही, दुसऱ्या शिंप्याला मात्र बघताक्षणी कळायचं.

आता थापांबद्दल. मी थापाड्या आहे, हे नाकारत नाही. सर्कशीतल्या उंटाला मी बाह्यांचा कोट शिवला होता, हे आमच्या साडूला मी तीनदा पटवलेलं आहे. चौथ्यांदा उंटाच्या जागी जिराफ आला तेव्हा कुठे त्याला शंका आली. गोष्ट रंगात आली की आमची ही शेजारून म्हणायची, "पुरे झाल्या थापा." आणि नेमकी तिथेच थांबवायची, जिथे पुढचं मला स्वतःलाच माहीत नसायचं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझी एकही गोष्ट खरी मानली नाही.

जहाजावर आम्ही चौघं होतो. आम्ही दोघं, हिची धाकटी बहीण आणि तिचा नवरा, म्हणजे हाच तो उंटवाला साडू. या सबंध सहलीत हिला एकच गोष्ट करायची होती. वाळूत उभं राहून पाण्यात पाय भिजवायचे. डाव्या गुडघ्याने तिला दोन वर्षं घरात डांबून ठेवलं होतं. बसली की हात त्या गुडघ्यावर, उठली की काठीवर. पण या बेटावर जहाज थांबणार चार तास, आणि वाळू बेटाच्या पलीकडच्या अंगाला. इथे नुसता काळा कडा, धक्का आणि एक बस. बस घंटाघर दाखवणार, बाजार दाखवणार, बंदराच्या कुण्या जुन्या अधिकाऱ्याचं जपून ठेवलेलं घर दाखवणार आणि परत आणून सोडणार.

"वाळू पुढच्या बेटावर," मी म्हटलं.

"शब्द?"

"शब्द."

बसजवळ एक सडपातळ वाटाडी बाई उभी होती. तिच्या मुठीत मोजणीचं यंत्र होतं, प्रत्येक माणूस चढला की अंगठ्याने टिक. अकरा जणांचे अकरा टिक झाले. मेहुणीने तिला विचारलं, एखादा मागे राहिला तर? बाईने तोंडभर हसून सांगितलं की आजवर कोणी राहिलेलं नाही, उतरताना जेवढे तेवढेच चढताना, तिचं काम तेवढंच.

घंटाघर पाहिलं. बाजारही पाहिला. अरुंद, स्वच्छ गल्ली, धुतलेल्या दगडाचा वास, दुकानांपुढे टोपल्या आणि झाडू टांगलेले. आमच्याकडे कोणी पाहत नव्हतं. चार तासांच्या पाहुण्यांना कोण बघतो? पण आमच्या हिच्याकडे पाहत होते. खरं तर तिच्याकडे नाही, कोटाकडे. कापडाच्या दुकानातून एक म्हातारी बाहेर आली, हिच्यापुढे उभी राहिली, तिसरं बटण दोन बोटांत धरून तिने हलकेच फिरवलं आणि आत गेली. साडू म्हणाला, "घ्या, साडूबुवा, तुमच्या कामाची कदर करणारं सापडलं." आम्ही हसलो. हीसुद्धा हसली, पण पुढे बाजार संपेपर्यंत तिने ते बटण मुठीत धरून ठेवलं होतं.

त्या अधिकाऱ्याचं घर तीन मजल्यांचं होतं. मेण लावलेल्या लाकडाचा वास, पायऱ्या मधोमध झिजलेल्या. वाटाड्या बाईने दहा मिनिटं दिली. खालच्या खोल्यांत भांडी, नकाशे, एक पाळणा. साडू आणि मेहुणी तिथेच रमले. मला वरचा मजला बघायचा होता, आणि ही काठी टेकत, कुरकुरत माझ्यामागून आली.

वर एकच खोली. समुद्राकडे एक खिडकी, खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीत आमच्याकडे पाठ करून बसलेला बाईचा पुतळा. राखाडी कोट. अलीकडे आडवा दोर बांधलेला. दाराशी लाकडी बाक होता, ही त्यावर टेकली आणि हात गुडघ्यावर ठेवला.

"लवकर आटपा," ती म्हणाली. "मला इथे एकटीला बसवू नका."

"एकटी कशी? मी आहे ना."

मी कोटाच्या पाठीचा काप बघत होतो. खांद्याची शिवण अर्धं बोट मागे घेतलेली, म्हणजे खांदे उतरते दिसत नाहीत. ही युक्ती मला कोणी शिकवली नव्हती. आमच्या हिचे खांदे उतरते म्हणून मी ती शोधून काढली होती. कापड मात्र उन्हाने पार विटलेलं, बाहीच्या कडेला विरलेलं. असा रंग उतरायला वीस-तीस वर्षं पुरत नाहीत.

मी दोर ओलांडला. मागून ही म्हणाली, अहो, ओरडतील. मी पुतळ्याच्या बाजूला गेलो. चेहऱ्यावर टोपीची जाळी होती. हातमोजे घातलेले दोन्ही हात मांडीवर, एकावर एक. आणि वरून तिसरं बटण एका तंतूवर लोंबत होतं.

तंतू हिरवा होता. वेढे उलटे होते.

इथे शहाणा माणूस मागे फिरला असता. घाबरट तर केव्हाच फिरला असता. पण मी शिंपी. लोंबणारं बटण मला बघवत नाही. लग्नाच्या मांडवात अनोळखी बायकांची बटणं मी लावून दिली आहेत आणि त्यावरून बोलणी खाल्ली आहेत. कॉलरमधून सुई काढली, हिरवा दोरा तिच्यात होताच. चार टाके, सहा वेढे, गाठ. दोरा दातांनी तोडताना माझं तोंड त्या कापडाला लागलं.

कापड कोमट होतं.

ऊन आहे, म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. बटण ओढून पाहिलं. पक्कं बसलं होतं.

बंदरातून जहाजाचा भोंगा वाजला. खालून वाटाड्या बाईने हाक मारली. मी वळलो तर बाक रिकामा. हिची काठी तेवढी बाकाला टेकवून ठेवलेली.

विसरली, म्हटलं. काठी घेऊन खाली आलो. ही बसमध्ये खिडकीशी बसली होती. मी काठी पुढे केली. तिने ती हातात घेतली, दोन्ही टोकांकडे पाहिलं आणि वरच्या फळीवर ठेवून दिली. वाटाडी बाई मोजत होती. अकरावा टिक माझा.

बस वळली तेव्हा मी मान वर करून त्या खिडकीकडे पाहिलं. पुतळा होता. जाळी होती. फक्त हात एकावर एक नव्हते. एक हात डाव्या गुडघ्यावर होता.

मी उभा राहिलो. बस थांबवा म्हटलं. वाटाड्या बाईने विचारलं, कोण राहिलं? मी शेजारी पाहिलं. ही माझ्याकडे बघत होती, शांतपणे, माझ्या उत्तराची वाट बघत.

"अकरा आहेत," वाटाडी बाई म्हणाली. "बसा."

धक्क्यावर मी जहाजाच्या अधिकाऱ्याला गाठलं. तरुण, सभ्य माणूस. त्याने मला संगणकाचा पडदा दाखवला. आमच्या हिचं कार्ड लागलेलं, फोटो जुळलेला, वेळ नोंदलेली. मी बटणाचं सांगितलं, वेढ्यांचं सांगितलं. साडूने त्याच्याकडे पाहून डोळे मिचकावले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"साडूबुवा, उंटापेक्षा सरस आहे ही," तो म्हणाला. "पण ताईंवर नको."

मी मेहुणीकडे पाहिलं. सख्खी बहीण, तिला तरी कळेल. ती म्हणाली, "भावोजी, ताईचा गुडघा बघा ना किती बरा आहे, शिडी कशी सरसर चढली." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं.

मी एकटाच परत उतरायला निघालो. शिडी उचलली गेली होती.

खोलीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. कोट खुंटीला. मी तिसरं बटण उलटून पाहिलं.

राखाडी दोरा. वेढे सुलटे.

साडूच्या दुर्बिणीतून मी बेट पाहत राहिलो. घर सापडलं, खिडकी सापडली. खिडकीत कोणी हलत नव्हतं, आणि बटण नीट लागलेलं होतं. ज्या हाताने ते पक्कं केलं तो हा, डावा.

पुढच्या बेटावर वाळू होती. मी खाली उतरलो नाही.

घरी आल्यावर त्या बेटावर परत जायची खटपट केली. तिथे थांबणारं जहाज मला मिळालं नाही. कंपनीला तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं की सहलीवर गेलेले सर्व प्रवासी परत आल्याची नोंद आहे. पोलिसांकडे कोणत्या तोंडाने जाणार? हरवलेली बायको कुठे आहे म्हणून विचारलं असतं, आणि ती दारात उभी राहून त्यांना चहा विचारत असती.

ती चांगली आहे, हो. उगीच खोटं कशाला बोलू? घर नीट ठेवते, माझी औषधं वेळेवर देते, पण घरी आल्यापासून खिडकीशी कधी बसत नाही. मी ही गोष्ट सांगतो, आल्यागेल्याला सांगतो, आणि माणसं पोट धरून हसतात. उंट, जिराफ आणि हे बटण. ती शेजारी बसून सगळी ऐकते. मी दर वेळी कापड कोमट होतं इथवर आलो की क्षणभर थांबतो, शेजारून कोणी 'पुरे झाल्या थापा' म्हणतंय का म्हणून. ती म्हणत नाही. शेवटपर्यंत ऐकून घेते.

परवा पाहुणे हसत हसत गेले आणि दार लागलं. ती कपबशा उचलत होती. पाठमोरीच बोलली, समजूत घालावी तशी.

"तिची एवढी काळजी करू नका. पहिलं वर्ष जड जातं. मग सवय होते."