फ्रोसोमावशीचं ऊन पाणी

डोक्यात साबणाचा फेस आणि नळाला पाणी नाही, अशा अवस्थेत स्तालोची आणि लोइझोसची ओळख झाली.

सप्टेंबरातली दुपार. समुद्राकाठच्या पेर्वोलिया गावात त्या वेळी रस्त्यावर मांजरसुद्धा फिरत नाही. नळ आधी खोकला, मग थेंब थेंब गळला, मग गप्पच झाला. आणि वर छतावर कुणाची तरी पावलं वाजू लागली. स्तालोनं केसांना टॉवेल गुंडाळला, झगा चढवला आणि अंगणात येऊन वर पाहिलं. एक उंच, उन्हानं रापलेला तरुण तिच्या सोलरच्या टाकीला मिठी मारून उभा होता.

"ओ, काय चाललंय?"

"सोलर काढतोय तुमचं," तो पाना फिरवत म्हणाला. "नवीन बसवायचंय ना?"

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. परवा फोनवर. क्रिस्ताल्लाबाई ना तुम्ही?"

"क्रिस्ताल्लाबाई एक्याऐंशी वर्षांच्या आहेत."

तो छताच्या कडेशी आला आणि वाकून नीट बघू लागला. कपाळावरून फेसाचा एक ओघळ स्तालोच्या भुवईकडे निघाला होता. तो तिनं बोटानं अडवला.

"नाही वाटत तेवढ्या," तो शेवटी म्हणाला. "पण मला सांगितलं होतं, हिरवं फाटक आणि अंगणात लिंबू..."

"या गल्लीत सात हिरवी फाटकं आहेत. आणि लिंबू नसलेलं अंगण मला तुम्हीच दाखवा."

"म्हणजे चुकलंच माझं."

"माझ्या डोळ्यांत साबण जातोय."

तो मागे गेला. थोड्या वेळानं दोरीला बांधलेली एक बादली हळूहळू खाली उतरली. टाकीत उरलेलं पाणी होतं, चांगलं ऊन. मग दुसरी बादली आली, मग तिसरी. स्तालोनं अंगणातच, लिंबाच्या सावलीत, डोकं धुतलं. तेवढा वेळ तो छतावर समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. एकदाही वळला नाही. हे तिनं टॉवेलच्या आडून तीनदा तपासलं.

संध्याकाळपर्यंत त्यानं सगळं होतं तसं जोडून दिलं. निघताना तिनं लिंबाचं सरबत पुढे केलं.

"या उन्हावर अख्खा पोहण्याचा तलाव तापतो का हो?" तिनं विचारलं.

"तापतो की. तलावाचं पाणी पंपानं छतावर चढवायचं, काळ्या नळ्यांतून उन्हात फिरवायचं आणि परत तलावात सोडायचं. कुणाचा तलाव?"

तलाव होता तिच्या मावशीचा. फ्रोसोमावशीचं सहा खोल्यांचं छोटं अतिथिगृह होतं आणि त्याच्या मागे तलाव. स्तालो सकाळी जवळच्या लार्नाका शहरातल्या एका दवाखान्यात हाडा-सांध्यांच्या रुग्णांना व्यायाम शिकवायची आणि दुपारनंतर गावातल्या म्हाताऱ्या बायकांना घेऊन त्या तलावात उतरायची. पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही. ऑक्टोबरपर्यंत सगळ्याजणी तरतरीत व्हायच्या. मग पाणी गार पडायचं, तलाव बंद, आणि वसंतात त्या पुन्हा काठ्या टेकत यायच्या. दरवर्षी पहिल्यापासून सुरुवात.

"आन्थूलाबाई आहेत एक," स्तालो सांगत होती. "शहात्तर वर्षांच्या. त्यांचं गाव बेटाच्या पलीकडच्या भागात राहिलं. चौऱ्याहत्तरच्या लढाईत बेटाचे दोन तुकडे झाले, तेव्हा सुटलं ते. एप्रिलमध्ये त्यांना तिथल्या डोंगरावरच्या देवळात चढून जायचंय. खांद्यावरून कुणी न्यायचं नाही म्हणतात, आपल्या पायांनी जाणार. हिवाळाभर पाणी मिळालं तर जमेल... नाहीतर नाही."

लोइझोस तिच्याकडे बघत होता. सरबताचा पेला त्याच्या हातात तसाच राहिला होता.

"पाणी किती ऊन हवं?"

"अठ्ठावीस अंश."

"अठ्ठावीस," तो म्हणाला. "डिसेंबर लागताच, सेंट बार्बराच्या सणाला देतो."

फ्रोसोमावशीला मात्र काळ्या नळ्या पसंत नव्हत्या. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं ती काळेच कपडे घालत होती.

"मी एकटी काळं नेसते ते पुरे नाही का? आता घरालाही नेसवायचं?"

"मावशी, खालून दिसणार नाही," लोइझोस म्हणाला.

"वरून देवाला दिसेल."

"त्याला कळेल. ऊन त्याचंच आहे."

मावशीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत जाऊन कॉफी ठेवली. काम सुरू झालं ते असं.

ऑक्टोबरभर तो छतावर होता. स्तालो दवाखान्यातून आली की आधी वर बघायची, मग फाटक उघडायची. आपण असं करतो हे तिच्या बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं. आणखी एक गोष्ट लक्षात आली. तलावाशी काम निघालं की तो काठापासून दोन हात लांबून चालायचा, भिंतीला खेटून.

"अहो, पोहता येत नाही का तुम्हाला?" एका दुपारी तिनं विचारलंच.

तो पंपाशी उगाच काहीतरी आवळत बसला. "मी आग्रोसचा. डोंगरातला. आमच्याकडे पाणी प्यायला असतं."

"लोइझोस..."

"सहा वर्षांचा असताना बागेच्या हौदात पडलो होतो," तो खाली बघतच म्हणाला. "काकांनी केसांना धरून ओढून काढलं. तेव्हापासून पाण्याची कामं करतो, पण वरून."

ती हसली नाही. त्यानं मान वर केली ती बहुधा तेवढ्याचसाठी.

"मी शिकवते. तुम्ही पाणी तापवा, मी तुम्हाला पाण्यात उतरवते."

"बुडालो तर?"

"तलाव दीड मीटर खोल आहे. तुम्ही किती उंच?"

"भीतीला मोजपट्टी कळत नाही हो," तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी पोहण्याची चड्डी घेऊन आला. भडक नारिंगी, तिच्यावर अननस छापलेले. मावशी खिडकीतून बघून आत पळाली आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून तिच्या हसण्याचा आवाज येत राहिला.

पहिले चार दिवस तो नुसता पायऱ्यांवर बसला. पाचव्या दिवशी स्तालोनं त्याच्या पाठीखाली तळहात धरला.

"मान सोड. आकाशाकडे बघ. मी धरलंय..." ती म्हणाली आणि मध्येच थांबली. 'सोडा' म्हणायचं होतं.

"सोडतो," तो म्हणाला. "तू धरून ठेव फक्त."

तळहाताखाली त्याची पाठ आधी फळीसारखी ताठ होती. मग हळूहळू सैल झाली. त्या दुपारी अहो-जाहो संपलं ते संपलंच.

नोव्हेंबर सरत आला आणि आभाळ बिघडलं. आधी दक्षिणेकडून तांबडी धूळ आली आणि सूर्य मळक्या ताटलीसारखा दिसू लागला. मग चार दिवस पाऊस. सेंट बार्बराच्या सणाला ऊन पडलं तेव्हा बायका ठरल्याप्रमाणे जाड अंगरख्यांत, डोक्याला रुमाल बांधून हजर झाल्या. आन्थूलाबाई सर्वांत पुढे. त्यांनी काठावर बसून पाय पाण्यात घातला आणि लगेच वर घेतला. हात लांब करून बाजूची काठी घेतली.

स्तालोनं तापमापक बाहेर काढला. एकवीस.

बायका गेल्यावर ती लोइझोससमोर उभी राहिली. "चार दिवस ऊन नव्हतं म्हणून का? खरं सांग."

तो सांगू शकला असता की हो, म्हणूनच. तिला वाटत होतं त्यानं तसंच म्हणावं.

"नाही," तो म्हणाला. "रोज ऊन असतं तरी बावीसच्या वर गेलं नसतं. उघड्या नळ्यांना एवढंच जमतं. वर तापवलेलं रात्री गार होऊन जातं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग अठ्ठावीस का म्हणालास?"

"तू अठ्ठावीस म्हणालीस म्हणून. तू त्या बाईंबद्दल बोलत होतीस आणि मी... मला नाही म्हणता आलं नाही. वाटलं, करू काहीतरी."

"माझ्या तोंडावर गोड बोललास तू. मी तेच पुढे जाऊन आन्थूलाबाईंना शब्द म्हणून दिलं. आता त्या काठी घेऊन घरी गेल्या." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "जा तू."

तो गेला. अकरा दिवस आला नाही.

पेर्वोलियातल्या प्रत्येक छतावर पांढऱ्या टाक्या आहेत. इतकी वर्षं स्तालोला त्या कधी दिसल्याच नव्हत्या. आता खिडकी उघडली की टाक्याच टाक्या, आणि त्यांच्याजवळ कुणीच उभं नाही. तिला राग होता. राग होता तोवर बरं होतं. सातव्या दिवशी तो ओसरला आणि खाली जे उरलं ते तिला नको होतं.

"फोन कर की," मावशी म्हणाली.

"मी का करू?"

"मग नको करूस. पण त्या फोनकडे असं बघू नकोस. बिचारा वितळेल."

बाराव्या दिवशी सकाळी फाटकाशी त्याची गाडी थांबली. मागे काचेचं झाकण असलेले सोलरचे बारा चौकोनी पत्रे रचलेले होते. लार्नाकातलं एक जुनं हॉटेल पाडत होते, त्याच्या छतावरून त्यानं ते सोडवून आणले होते. फुटक्या काचा बदलल्या होत्या, गळके सांधे जोडले होते. हातांवर ठिकठिकाणी पट्ट्या चिकटवलेल्या. शिवाय तलावावर अंथरायची एक फुगवट्यांची निळी चादर होती.

तो आत आला आणि स्तालोच्या हातात एक कागद ठेवला.

"हे वाच. जानेवारीत चोवीस ते पंचवीस. आभाळ आलं तर तेवीस. फेब्रुवारीत सव्वीस. अठ्ठावीस एप्रिलच्या आधी नाही. तेही रोज संध्याकाळी चादर ओढली तरच."

तिनं वाचलं. "हे मला बरं वाटावं म्हणून नाही ना लिहिलंस?"

"बरं वाटण्यासारखं त्यात आहे काय?"

तिला हसू आलं. तिनं ते दाबलं, पण त्याला दिसलं.

"आन्थूलाबाईंना तू स्वतः जाऊन सांगायचं," ती म्हणाली.

"सांगितलं. आधी तिकडेच गेलो होतो. त्यांनी मला अर्धा तास झाडलं आणि मग अक्रोडाचा मुरंबा खायला लावला."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी पंचवीसवर आलं. आन्थूलाबाई पायऱ्या उतरल्या, कमरेपर्यंत पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"थंड आहे का?" स्तालोनं घाबरत विचारलं.

"थंड कसलं? अगं, लग्नात मला आंघोळीला याहून गार पाणी दिलं होतं. चल, मोजायला लाग." आणि त्यांनी गुडघा उचलला.

चादर ओढायला लोइझोस रोज संध्याकाळी लार्नाकाहून येऊ लागला.

"दोन दोऱ्या ओढायच्या तर आहेत," मावशी म्हणाली. "त्या मलाही ओढता येतात. एवढ्या लांबून कशाला येतोस बाबा?"

"मावशी, नीट ओढली नाही तर कडेनं वारा शिरतो."

"हो ना. वारा," मावशी म्हणाली आणि टेबलावर तिसरं ताट मांडलं.

फेब्रुवारीत कुंपणापलीकडचं बदामाचं झाड फुललं. रविवार होता, बायकांना सुट्टी. तलावावरची चादर गुंडाळून ठेवलेली, पाण्यावर चार-सहा पाकळ्या वाऱ्यानं येऊन पडलेल्या. लोइझोस पाठीवर तरंगत होता, कान पाण्यात, डोळे अर्धवट मिटलेले. स्तालो त्याच्या डोक्यामागे उभी होती. आता त्याला धरायची गरज नव्हती, तरी तिचे तळहात त्याच्या मानेखाली होते. ऊन त्याच्या कपाळावर, पापण्यांवर पडलं होतं. तिला वाटलं, हे आता सांगितलं तर त्याला ऐकू जायचं नाही... आणि आपलं तर सांगून होईल.

"मला तू फार आवडतोस," ती हळूच म्हणाली. "फार म्हणजे फार. तू नव्हतास तेव्हा मला जेवण गोड लागत नव्हतं."

तो तसाच तरंगत राहिला. मग एकदम पाय खाली टेकून उभा राहिला. केसांतून पाणी ओघळत होतं.

"काय म्हणालीस?"

"श्वास नीट घे म्हटलं."

"स्तालो, कान पाण्यात होते. डोळे नव्हते."

तिचा चेहरा तापला. ती वळून पायऱ्यांकडे निघाली, तर त्यानं तिचं मनगट धरलं. अगदी हलकेच, सोडवून घ्यायचं असतं तर सहज सुटलं असतं.

"मला गोड बोलायला भीती वाटते आता," तो म्हणाला. "तुझ्यासमोर तर जास्तच. म्हणून साधंच सांगतो. मला आयुष्यभर तुझ्याजवळ राहायचंय. रागावलीस तरी. 'जा' म्हणालीस तर जाईन, पण गल्लीच्या टोकापर्यंतच."

"अकरा दिवस गेला होतास."

"वाईट होते ते दिवस."

"माझेही," ती म्हणाली, आणि आता ती पायऱ्यांकडे बघत नव्हती.

त्यानं तिच्या ओल्या केसांतली पाकळी काढली. ती कुठे ठेवावी कळेना, म्हणून मुठीतच धरली. "पुढच्या रविवारी आग्रोसला येशील? आईला भेटायला. वर अजून बर्फ असेल, जाड कोट घे."

"आईला काय सांगितलंयस तू माझ्याबद्दल?"

"सगळं. कधीचं सांगितलंय. आता ती विचारते, अशी मुलगी खरंच आहे, की तू माझ्या समाधानासाठी रचलीस?"

स्तालो हसत सुटली. हसता हसताच तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले आणि त्याच्या ओल्या, उन्हानं ऊन झालेल्या खांद्यावर ओठ टेकवले.

"सांग तिला," ती म्हणाली, "आहे म्हणावं. रविवारी येते."