वस्तरा हातात देऊ नये

पहिल्याच भेटीत मी त्याला 'भाऊ' म्हणाले होते. काय करणार... आमच्या गोंदियात दुकानात पाऊल ठेवणारा प्रत्येक पुरुष भाऊच असतो!

डिसेंबरमधला सोमवार होता. बाजूच्या राइस मिलचा कोंडा हवेत उडत होता आणि मी एक पितळी कंदील चिंचेनं घासत बसले होते. आमचं जुन्या सामानाचं दुकान. बाबूजींनी उभं केलेलं, पाटीवर अजून त्यांचंच नाव, केशोराव. त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून मी चालवते. बंद घड्याळं, पानदान, ग्रामोफोनचे भोंगे, सगळं आहे. नसतं ते गिऱ्हाईक.

"वस्तरा आहे का जी? जुना?"

मी मान वर केली. दारात एक उंच तरुण... दाढी इतकी गुळगुळीत केलेली, की माशी बसली तर घसरून पडावी.

"कोणाचा गळा कापाचा आहे, भाऊ?"

तो हसला. डाव्या गालावर खळी पडली. मी पाहिलीच नाही, असं म्हणणार नाही.

"गळा नाही जी, दाढी. तिरोड्याले सलून आहे माझं. हिमांशू नाव."

मी डबा उघडला. चार वस्तरे होते. एकेक काढून मी काउंटरवर ठेवला. तो हात पुढे करून उभाच.

"हातात नाही देत," मी म्हणाले. "धारेची वस्तू हातात दिली का भांडण होते. आई सांगे."

"अन् तुम्ही मानता?"

"आजवर एकाही गिऱ्हाइकाशी भांडण नाही झालं माझं."

मागे खाटेवर पडलेले बाबूजी मोठ्यानं खोकले. त्यांना माझी जीभ चांगली ठाऊक आहे.

गंमत म्हणजे त्यानं एकाही वस्तऱ्याचं पातं पाहिलं नाही. पातं आणि मूठ जोडणारी बारीक खीळ तेवढी बोटानं चाचपून पाहिली आणि चारही वस्तरे परत ठेवले.

"धार नाही पाहात?"

"धार लावता येते जी. मी खीळ पाहून राहिलो."

मग त्यानं सांगितलं. त्याचे वडील दुधराम, दवनीवाड्यात चाळीस वर्षं एकाच वस्तऱ्यावर अख्ख्या गावाच्या दाढ्या करणारे. खीळ तुटली तेव्हा त्यांनी सायकलचा स्पोक कापून ठोकला होता. तीन वर्षांपूर्वी हिमांशूनं तिरोड्यात नवं सलून टाकलं, वडिलांना सोबत नेलं, आणि आवराआवरीत त्यांची वस्तऱ्याची पेटी भंगारवाल्याला देऊन टाकली. आता तर बदलायची ब्लेडं मिळतात, जुना वस्तरा कोण वापरतं!

"बाबानं पेटी शोधली. मी सांगतलं, विकली. ते काहीच नाही बोलले जी... पण त्या दिवसापासून सलूनची पायरी नाही चढले. माझ्याशीही कामापुरतं बोलतात. तेव्हापासून दर सोमवारी, सलून बंद असते म्हणून, शोधून राहिलो. बालाघाट झालं, नागपूर झालं..."

रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून त्यानं एक कुलूप घेतलं.

"त्याची किल्ली नाही," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"असू द्या. किल्ली शोधाले येईन ना पुढच्या सोमवारी."

आणि आला! त्याच्या पुढच्या सोमवारीही आला. मी कंदील घासायची, तो घड्याळं पुसून द्यायचा. चहा व्हायचा. किल्लीचं नाव कोणी काढायचं नाही.

"आज भाऊ नाही म्हटलं?" एकदा त्यानं हळूच विचारलं.

"विसरली."

"विसरतच राहा जी..."

इकडे मी गावातल्या एकूण एक भंगारवाल्याला सांगून ठेवलं होतं. फेब्रुवारीत छोटेलाल हातगाडी घेऊन आला नि माझ्यासमोर एक गोणी उपडी केली. "देख ले बेटी, तेरे काम का कुछ है क्या।" अडकित्ते, कात्र्या, गंजलेले चमचे... आणि शिंगाच्या मुठीचा एक वस्तरा. खीळ सायकलच्या स्पोकची!

आनंदानं ओरडायचं सोडून मी काय केलं? वस्तरा फडक्यात गुंडाळून गल्ल्याखाली सरकवला. वस्तरा मिळाला, की सोमवार संपले. एवढं एकच डोक्यात होतं.

तो आला.

"भेटला काही?"

"नाही," मी म्हणाले. त्याच्याकडे न बघता.

पुढच्या सोमवारी त्यानं काउंटरवर एक डबा ठेवला. लाखोरी डाळीचे वडे, अजून कोमट.

"मायनं पाठवले तुमच्यासाठी. आज शेवटचीच चक्कर जी. बाबा म्हणाले, गेलं ते गेलं, बस कर आता. पण तुम्ही माझ्यासाठी एवढं शोधलं... तेवढं तर कोणीच नाही केलं. उपकार झाले."

उपकार! मला तो शब्द ऐकवेना. मी खाली वाकले, फडकं काढलं आणि वस्तरा काउंटरवर ठेवला.

"पंधरा दिवसांपासून माझ्याजवळच आहे."

त्यानं खिळीवरून अंगठा फिरवला. एकदा... दोनदा. डोळे भरून आले त्याचे.

"मग... सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तर तुम्ही आले असते का आज?" माझे डोळे वाहायला लागले. "मले तुम्ही यावं वाटे. बस. चूक झाली माझी."

वस्तरा शर्टाच्या खिशात ठेवून तो निघून गेला.

पुढचा सोमवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. मी वड्यांचा रिकामा डबा तिसऱ्यांदा घासायला घेतला तेव्हा बाबूजी म्हणाले, "आचल, झिजून जाईल तो."

तिसऱ्या सोमवारी दारात ऑटो थांबला. आधी हिमांशू उतरला. मग त्याच्या हाताला धरून एक सडपातळ म्हातारे गृहस्थ, खांद्यावर धार लावायचा चामड्याचा पट्टा. दुधरामच ते. त्यांनी आत येऊन सरळ बाबूजींच्या दाढीच्या खुंटांकडे पाहिलं.

"बसा जी केशोराव. किती दिवसांची ठेवली ही?"

मी धावत गरम पाणी आणलं. त्यांनी पट्टा दाराच्या कडीला अडकवला, वस्तरा त्यावर सरसर फिरवला, आणि बाबूजींच्या गालावरून तो असा चालवला की बाबूजींनी सुखानं डोळेच मिटले.

"रोज सलूनमधी येऊन बसतात आता," हिमांशू माझ्या कानाशी पुटपुटला. "दवनीवाड्याची माणसं बसनं येऊन राहिली त्यांच्याकडे. सोमवारीही शटर उघडं! म्हणून नाही येता आलं."

"मले वाटलं, राग आला."

"आला होता. बस तिरोड्याले पोचेपर्यंत होता."

दुधरामबाबांनी वस्तरा धुतला, पुसला, मिटवला आणि माझ्याजवळ आले.

"पोरी, पंधरा दिवस लपवला म्हणून रडून राहिली म्हणे तू? अवं, तीन वर्षं मी पोराशी धड बोललो नाही. तो अबोला तू सोडवला. मी कोणत्या तोंडानं तुले बोल लावू?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. साबणाचा वास येत होता त्या हाताला. मला रडू आवरलं नाही.

"दे त्याले," म्हणून त्यांनी वस्तरा काउंटरवर ठेवला आणि पट्टा सोडायला वळले. मी तो उचलला आणि सवयीनं हिमांशूच्या बाजूला ठेवायला गेले.

त्यानं तळहात पुढे केला.

"हातात दे."

पहिल्यांदाच 'दे' म्हणाला. द्या नाही.

"भांडण होते..." मी कसंबसं म्हणाले.

"होऊ दे ना. जनमभर होऊ दे."

मी बाबूजींकडे पाहिलं. ते डोळे मिटूनच होते, पण नव्या कोऱ्या गालांवर हसू काही लपत नव्हतं. मी वस्तरा त्याच्या हातात ठेवला. बोटं जरा जास्तच वेळ तिथं राहिली...

लग्नाच्या सकाळी त्याची दाढी दुधरामबाबांनी त्याच वस्तऱ्यानं केली. लग्नाला आता चार महिने झाले. आम्ही रोज भांडतो. त्या कुलपाची किल्ली अजून सापडलेली नाही, आणि शोधायची पाळी कोणाची यावरून तर हमखास. भांडण संपलं, की मी मनातल्या मनात छोटेलालच्या गोणीला, त्या स्पोकला आणि आईच्या शिकवणीला हात जोडते. आईचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं!