बाबांच्या गुझ्झीची बॅटरी

हे खरं घडलं. पटवून देण्याची ताकद माझ्यात उरलेली नाही, म्हणून फक्त क्रमाने सांगते.

दोन नोव्हेंबर. मृतांचा दिवस. दुपारचे चार. इटलीतलं तलावाकाठचं मांदेल्लो, आमच्या घराखालचं गॅरेज.

भुताच्या गोष्टी मी पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांत दारं करकरतात.

इथे काहीच करकरलं नाही.

बाबांना जाऊन नऊ महिने झाले होते. तीस वर्षं त्यांनी गुझ्झी मोटरसायकलींच्या कारखान्यात इंजिनं जोडली. गॅरेजमध्ये त्यांची एकोणऐंशी सालची एसपी हजार उभी होती. दोन्ही बाजूंना बाहेर आलेले दोन सिलिंडर, मागचं चाक फिरवायला साखळीऐवजी दांडा, समोर वारा अडवणारं रुंद कवच. लांब पल्ल्याची गाडी, पण पळण्यात कुणाला हार जायची नाही. उभ्या जागी रेस दिली की ती उजवीकडे झुकायची. "बघ, हो म्हणतेय," बाबा म्हणायचे. ते कवच कारखान्यातल्या वाऱ्याच्या बोगद्यात, लोकरीचे धागे चिकटवून, वारा कुठून वळतो ते बघत कसं घडवलं, हे ते जेवताना शंभरदा सांगायचे.

"एल्वेत्सियो, सूप गार होतंय," आई म्हणायची. "तुझा वारा आता बंद कर."

आई गेल्यावर त्यांना रस्ते आठवेनासे झाले. एकदा ब्रेड आणायला गाडीवरून निघाले आणि तलावाच्या पार टोकाला, कोलिकोच्या पेट्रोल पंपावर सापडले.

त्याच संध्याकाळी मी सीटखालची बॅटरी काढली. स्वयंपाकघरातल्या कपाटात, पिठाच्या डब्यामागे ठेवली.

रोज चार वाजता ते विचारायचे, "झाली का गं चार्ज?"

"होतेय, बाबा."

"बरं. उद्या जाऊ मग."

असे आठ महिने. एकदाही रागावले नाहीत.

मग गेले.

त्या दोन नोव्हेंबरला कबरस्तानातून परतताना ओरेस्तेकाका गाडी न्यायला आले. कारखान्यात बाबांच्या शेजारच्या टेबलावर काम केलेले. गाडी तेच विकत घेणार होते. मलाही ती डोळ्यांसमोरून जायला हवी होती.

"तुझा बाप असता ना, तर हातावर फटका मारला असता," ते म्हणाले. "बोल्ट आवळता येत नाही तुला, लांबून बघ, म्हणाला असता."

हसत हसत त्यांनी सिलिंडरवर हात ठेवला…

आणि झटकन मागे घेतला.

"काय गं पोरी! आत्ता फिरवून आणलीस आणि मला सांगतेस, कुणी हात लावला नाही?"

"मला चालवता येत नाही, काका."

"मग हे काय?"

मी हात लावला…

गरम.

हिवाळ्यात वाटेत थांबलो की बाबा माझे हात त्या सिलिंडरजवळ धरायचे. तितकंच गरम.

"हिच्यात बॅटरी नाही," मी म्हणाले.

"चल! हिला किकसुद्धा नाही. बॅटरीशिवाय धुगधुगणार नाही ही."

त्यांनी सीट उचलली.

खालची जागा रिकामी होती.

काकांनी टोपी काढली. बराच वेळ ती हातातच धरली.

मी वर जाऊन बॅटरी आणली. त्यांनी मीटर लावून पाहिलं.

"एकदाही चार्जिंगला लावली नव्हतीस?"

"नाही."

"मला फोनवर सांगायचा," ते हळूच म्हणाले. "ओरेस्ते, उद्या निघतोय. रोज सांगायचा."

त्यांनी मीटरच्या तारा काढल्या.

"उतरलीय ही. सेल्फ नुसता टक् करेल, पुढे काही नाही."

"तरी बसवा," मी म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही. रिकामी जागा बघवत नव्हती, एवढंच.

त्यांनी बसवली. गाडी मागाहून नेतो म्हणाले. अजून आलेले नाहीत.

तेव्हापासून सिलिंडर गार आहेत. मी रोज हात लावून बघते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी स्वयंपाकघरात होते. गाडीची किल्ली समोर खिळ्याला टांगलेली.

खालून आवाज आला…

टक्.

मग शांतता. बाबा नेहमी मिनिटभर थांबून मगच पुन्हा बटण दाबायचे. घाई करायची नाही, म्हणायचे.

मिनिट गेलं…

टक्.

आता रोज येतो.

बॅटरी नव्हती तेव्हा ते जाऊन येत होते. मी ती उतरलेली बॅटरी बसवायला लावली आणि त्यांना पुन्हा अडवलं.

लेक्कोहून मी नवी बॅटरी आणली आहे. पूर्ण भरलेली. बसवायला दहा मिनिटं लागतात.

ती कपाटात आहे. पिठाच्या डब्यामागे.

बसवली तर गाडी सुरू होईल. आणि या वेळी ते परत येतील की नाही, मला माहीत नाही.

आजही चार वाजले…

टक्.

मी जिन्याच्या दारात जाऊन उभी राहिले.

"होतेय, बाबा," मी म्हणाले.

खालचा आवाज थांबला. उद्यापर्यंत.