उष्टं ताट

पूनम गुप्तहेर प्रियदर्शिनी जाधवांच्या महाडमधल्या कचेरीत आली ती छातीवरची ओढणी आवळूनच.

“बाई, रविवारी गावकी बसणार नि मला घराबाहेर काढणार. नवरा जवळ येत नाय, पाळी चुकलीय, अन् अंगावर दूध फुटलंय. म्हणतात, पोर कुणाचं?”

गणू कदम जमिनीकडे बघत राहिला. एसटीतून निवृत्त झाल्यापासून तो प्रियदर्शिनीची जीप हाकत होता. गाव म्हणतंय त्यात तथ्य असणार, असं त्याला मनोमन वाटलं.

प्रियदर्शिनीनं पूनमला आधी दवाखान्यात नेलं. पोटात गर्भ नव्हता.

“मग दूध कुठून आलं?” गणूनं विचारलं.

“तेच शोधायचं. चला पोलादपूरला, हिच्या सासरी.”

डोंगरावरच्या वाडीत पूनमची सासू चिमाबाई ओटीवर गोधडी शिवत होती. संध्याकाळच्या अंधुक उजेडातही तिनं एका झटक्यात सुई ओवली. मागच्या देवळीत तिच्या मेलेल्या नवऱ्याचा, नाथूचा फोटो होता नि त्याच्याआड थेंबांची बाटली.

“ही कसली?” गणूनं विचारलं.

“डोळ्याची. मला दिसत नाय नीट.”

मोठा मुलगा, पूनमचा नवरा स्वराज, गोठ्यापाशी बसला होता. बोलणं जड, हात ताठ, तोंडातून लाळ.

“लग्नानंतर लगेच विझलो, काका,” तो गणूला हळूच म्हणाला. “मधे टेंपो घेऊन चिपळूणला राहिलो, तवा बरा होतो. घरी आलो नि परत तेच.”

“तेव्हा मी घरीच होते, तरी माझंही दूध आटलं होतं,” पूनम दारातून म्हणाली.

“म्हणजे यारही तेव्हा चिपळूणलाच गेलेला,” गणू पुटपुटला.

“गणू, जीप चालव. डोकं नको.”

धाकटा दीपक धडधाकट होता. “एकाच टोपातलं जेवतो आम्ही. दादा तापट होता, भांडी फेकायचा, बायकोला घेऊन मुंबईला जातो म्हणायचा. आता गप झाला. आमचे बाबा पण डोक्यानं गेलेले. आईनं त्यांना औषधावरच सांभाळलं.”

जेवणवेळेला प्रियदर्शिनीनं गावकीचा म्होरक्या रामजी यालाही बोलावलं. चिमाबाईनं ताटं वाढून बाहेर आणली. पूनम उभीच राहिली.

“हिचं ताट?”

“आमच्यात बायको नवऱ्याच्या ताटात जेवते, त्याचं झाल्यावर. मीच वळण लावलंय.”

प्रियदर्शिनीनं स्वराजचं ताट उचलून चिमाबाईपुढं ठेवलं. “आज तुम्ही जेवा.”

चिमाबाईचा हात उठला नाही.

“टोपात काही असतं तर दीपकही आजारी पडला असता,” प्रियदर्शिनी रामजीला म्हणाली. “जे आहे ते या ताटात आहे, आणि ते दोघंच खातात. स्वराज चिपळूणला गेला, तेव्हा दोघंही बरी झाली. मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य असतं. माणसाची इच्छा नि हालचाल त्यावर चालते, आणि बाईचं दूध आवरून धरणारंही तेच. वेडावरचे काही थेंब ते अडवतात. मग पुरुष विझतो, आणि मूल नसलेल्या बाईची पाळी चुकते, तिला दूध येतं. अंधारात सुई ओवणारीला डोळ्याचं औषध कशाला लागतं?”

गणूनं उठून बाटली आणली. लेबलावर नाव नाथूचं होतं.

“बापासारखा होईल म्हणून घातलं गो,” चिमाबाई म्हणाली. “घर सोडून जाईल म्हणून.”

“आणि हिच्यावर आळ आला तेव्हा? कशानं झालं ते तुम्हाला कळलं होतं. नाथूभाऊही असेच विझले होते ना?”

चिमाबाईनं सुनेकडं बघितलं. “माझी जवानी एका ओंडक्याशेजारी निजण्यात गेली. अंगावर दूध यायचं, ते मी चुलीत पिळलं. मला कुणी इचारलं? मी काढलं, ही पण काढील.”

रामजीनं घसा खाकरला. “गावकी बसणार नाय आता.”

“स्वराजला उद्या डॉक्टरकडं न्या,” प्रियदर्शिनी दीपकला म्हणाली. “औषध त्यांच्या सल्ल्यानंच सोडवा.”

स्वराजचे डोळे भरले. सवयीनं त्यानं आईपुढचं आपलं ताट पूनमकडं सरकवलं.

पूनमनं फळीवरून कोरं ताट काढलं, टोपातलं वाढून घेतलं नि ती सगळ्यांदेखत पोटभर जेवली. मग तिनं ताट घासून पालथं घातलं आणि पिशवी उचलली.

“गणूकाका, जीपमध्ये जागा हाय ना?”

गणूनं मान खाली घातली आणि दार उघडून धरलं.