अनुक्रमणिकेतला घाट

अक्षर मोठं आणि ठळक केलं म्हणजे हेडिंग झालं, असं समजणाऱ्या माणसांवर माझा राग आहे. कॉम्प्युटरच्या लेखी ती नुसती एक जाडी ओळ असते. तिला खूण लावावी लागते, की बाई, तू प्रकरणाचं नाव आहेस. एकदा ही खूण नीट लागली, की अनुक्रमणिका आपोआप तयार होते. डावीकडे नाव, मधे ठिपके, उजवीकडे पानाचा आकडा. मजकूर हलला की आकडेही हलतात. नीलखेतच्या या गल्लीत बसून मी विद्यापीठाच्या निम्म्या पोरांना हे सांगितलं असेल. ऐकलं एकानेही नाही. "मामा, तुम्हीच करा ना, उद्या जमा करायचंय." की मामा करतो.

माझ्या दुकानात दोन मशीन, एक प्रिंटर आणि एक पंखा आहे. पंखा मशीनसाठी आहे, माणसांसाठी नाही. समोरच्या गाळ्यात रोस्तम पुस्तकं बांधतो. त्याच्या खळीचा वास आणि पलीकडच्या तेहारीच्या, म्हणजे मसालेदार गोश्तभाताच्या, हंड्याचा वास दिवसभर एकमेकांशी भांडत असतात. खिडकी नाही, त्यामुळे आमच्याकडे दुपार झाली हे हंड्यावरचं झाकण उघडलं की कळतं.

या गल्लीत नवी फाइल कुणी कोरी सुरू करत नाही. प्रत्येकाकडे एक सांगाडा असतो. कुठलं तरी जुनं, नीट जमलेलं काम घ्यायचं, आतला मजकूर पुसायचा, खुणा तेवढ्या ठेवायच्या आणि त्यात नवा मजकूर ओतायचा. वेळ वाचतो. कधीकधी जुन्या कामाचं एखादं हेडिंग आत राहून जातं आणि मत्स्यशास्त्राच्या प्रबंधात 'उपसंहार : मुघल स्थापत्य' निघतं. मग रोस्तम आठवडाभर मला मुघल म्हणून हाक मारतो.

हे सांगायचं कारण, दिलआरा आपांच्या फाइलमध्ये ते नाव पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला सांगाड्याचाच संशय आला होता.

दिलआरा आपा आजिमपूरला शाळेत शिकवतात. त्यांचे अब्बा, आफताबुद्दीन सारेंग, जन्मभर सदरघाटाहून दक्षिणेला जाणारी लाँच चालवत होते. आता ते मेडिकलच्या वॉर्डात पडून होते आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. खाटेवरून ते सांगत गेले आणि आपा मोबाइलवर टाइप करत गेल्या. त्याचं मोठं थोरलं पुस्तक झालं होतं.

"अब्बांना ते हातात धरायचंय, मामा," त्या म्हणाल्या. "एकदाच. तेवढं होईल ना?"

"होईल आपा. फक्त मधे दुरुस्त्या आणू नका."

"माझी शिक्षिकेची सवय आहे."

"म्हणूनच सांगतोय."

त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या असाव्यात, कारण हसून झाल्यावर त्यांना डोळे पुसावे लागले.

पुस्तक मला आवडलं. परक्याच्या मजकुरात मी सहसा लक्ष घालत नाही, नाहीतर काम होत नाही. पण हे वाचत गेलो. सारेंगांनी प्रत्येक प्रकरणाला एकेका घाटाचं नाव दिलं होतं: चांदपूर, हिजला, धुलिया, बगा, पटुआखाली, शेवटी गलाचिपा. मधेही बारीक बारीक कितीतरी घाट होते. प्रत्येक घाटाखाली छोट्या हेडिंगात तिथे उतरणाऱ्या माणसांची नावं, आणि त्या नावांखाली त्यांच्या गोष्टी. हिजल्याला काठी टेकत उतरणारी आलेया बुबू, बग्याला कोंबड्यांची टोपली डोक्यावर घेऊन उतरणारा सोनामिया. मी घाटांना मोठी खूण लावली, माणसांना त्याखालची, आणि अनुक्रमणिका काढली.

गलाचिपाच्या खाली आणखी एक घाट होता. निशिंदार चर.

पानावर जाऊन पाहिलं. माथ्यावर नाव आणि खाली कोरं पान. उतारूंची नावं नाहीत. जुन्या कामातलं राहिलं असेल म्हणून मी ते पुसलं आणि अनुक्रमणिका पुन्हा काढली. नाव गेलं. मग चहा प्यायलो, एका पोराचं काम उरकलं, परत फाइल उघडली, तर ये रे माझ्या मागल्या. शेवटच्या ओळीत निशिंदार चर.

सांगाडा तपासला. तो ज्या प्रबंधाचा होता तो तागाच्या गिरण्यांवर होता. त्यात घाटही नव्हता आणि नदीतलं गाळाचं बेट म्हणावं असा चरही नव्हता. फाइल दुसऱ्या मशीनवर नेली. तिथेही तेच. रोस्तम खळीचे हात घेऊन मागे येऊन उभा राहिला.

"मुघलांचा घाट का रे?"

"गप बस. तू ऐकलंयस हे नाव?"

रोस्तम दक्षिणेकडच्या भोला बेटावरचा. तिकडच्या नद्या त्याच्या पायाखालच्या. त्याने विचार केला आणि मान हलवली. "असा चर नाही. असला तर बुडून गेला असेल. आमच्याकडे चर येतात आणि जातात."

दुसऱ्या दिवशी आपा कच्ची प्रत पाहायला आल्या, तेव्हा ते नाव शेवटी नव्हतं. ते वर सरकलं होतं. पटुआखालीच्या प्रकरणात एक वाक्य चाललं होतं, 'त्या दिवशी वारा पडला आणि मी भोंगा' आणि तिथेच ते तुटलं होतं. मग निशिंदार चर. मग कोरं पान. त्यापुढच्या पानावर 'वाजवला.'

"हे तुम्ही लिहिलंत?" मी विचारलं.

"नाही." त्यांनी पान हातात घेतलं. "अब्बांनी सांगितलं असेल आणि मी झोपेत... नाही मामा. हे मी लिहिलेलं नाही."

"विचारून या त्यांना."

त्या दुपारीच परत आल्या. रिक्षातून उतरून घाईने चालत आल्या होत्या, ओढणी खांद्यावरून घसरली होती, त्याचं भान नव्हतं. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"अब्बा खूश झाले," त्या म्हणाल्या. "इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाले, आलं वाटतं जवळ."

"म्हणजे काय?"

"मीही तेच विचारलं. ते म्हणाले, तिथे लाँच लागत नाही. वेळापत्रकात तो घाट नाही. पण उतरणारा असला की थांबवावी लागते." त्यांनी माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. "मामा, ते काढून टाका."

"काढलं होतं आपा. परत येतंय."

"मग असं काढा की परत येणार नाही. हात जोडते तुमच्यापुढे. माझं दुसरं कुणी नाही."

मी शकुन-अपशकुन मानणारा माणूस नाही. फाइल बिघडते आणि फाइल दुरुस्त होते, एवढं मला ठाऊक आहे. पण त्या बाईंचा चेहरा पाहून मला भडभडून आलं. म्हटलं, जातं की नाही ते बघतोच.

आमच्याकडे यावर शेवटचा उपाय असतो. सगळा मजकूर अगदी साध्या फाइलमध्ये ओतायचा, जिथे कसलीही खूण टिकत नाही. ठळक नाही, तिरपं नाही, हेडिंग नाही. नुसती अक्षरं उरतात. मग कोऱ्या फाइलमध्ये, सांगाड्याशिवाय, एकेक ओळ हाताने पुन्हा लावायची. नाकी नऊ येतात. पण मी केलं. पटुआखालीचं तुटलेलं वाक्य जोडलं. अनुक्रमणिका काढली, मशीन बंद केलं, चालू केलं, पुन्हा काढली. गलाचिपा शेवटचा. त्याखाली काही नाही.

छापलं. रोस्तमने हिरव्या कापडात बांधलं आणि वर सोनेरी अक्षरांत नाव उमटवलं. आपांनी पुस्तक छातीशी धरलं आणि गेल्या.

त्या पुन्हा आल्या तेव्हा पावसाळा उलटून गेला होता. मी त्यांना पटकन ओळखलं नाही. गाल बसले होते. मला वाटलं, अब्बा गेले असतील. मी तसं काहीतरी बोलायला लागलो, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"ते घरी आहेत."

"अल्हमदुलिल्ला."

"असं म्हणू नका, मामा."

रोस्तम समोर कागद कापत होता. त्याने कापणं थांबवलं.

"पुस्तक दिलं त्या दिवशी त्यांनी अनुक्रमणिका उघडली," आपा सांगू लागल्या. "बोट वरून खाली नेलं. परत वर नेलं. मग मिटून बाजूला ठेवलं. त्यानंतर हात लावलेला नाही. खाट रिकामी करा म्हणून मेडिकलमधून घरी पाठवलं. तेव्हापासून खात नाहीत. झोपत नाहीत. उठून बसतात आणि दाराकडे बघतात. पाठीला जखमा झाल्यात, हाड दिसतं. डॉक्टर येतात, नाडी शोधतात, बराच वेळ शोधतात. मग माझ्याकडे न बघता निघून जातात."

"बोलतात?"

"एकच. आलं का, विचारतात. आलं का, आलं का. मी नाही म्हणते." त्यांचा आवाज फुटला. "मीच अडवलंय त्यांना, मामा. ते परत घाला."

मी फाइल उघडली. गलाचिपाच्या पुढे नवं पान घेतलं, निशिंदार चर टाइप केलं, खूण लावली. अक्षरं मोठी झाली, जागेवर बसली. अनुक्रमणिका काढली.

नाव आलं नाही.

पुन्हा खूण लावली. जुन्या नावावरची खूण उचलून त्यावर ठेवली. चांदपूरची अख्खी ओळ नक्कल करून तिच्यात फक्त नाव बदललं. चांदपूर दोनदा असतं तर दोनदा आलं असतं. नाव बदललं की ओळ गळून जायची. जुनी फाइल शोधली, ती मीच पुसलेली होती. एवढी वर्षं हे काम करतोय, पण त्या दुपारी मी हात टेकले.

"घेत नाही, आपा."

त्या पडद्याकडे पाहत राहिल्या. कोरं पान, माथ्यावर नाव.

"उतरणारा कुठे आहे यात?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"उतरणारा असला तरच थांबवतात."

त्यांनी मला उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसल्या. घाटाच्या नावाखाली त्यांनी लिहिलं, आफताबुद्दीन सारेंग. सावकाश लिहिलं, एकेक अक्षर दाबून, फळ्यावर लिहावं तसं. मी वाकून त्याला माणसाची खूण लावली. त्याखाली त्यांनी एक ओळ लिहिली, 'हे माझे अब्बा. यांना सांभाळून उतरवा.'

मी अनुक्रमणिका काढली.

निशिंदार चर. त्याखाली थोडं आत सरकून त्यांचं नाव. ठिपके. पानाचा आकडा.

आपा उठल्या. जाताना रिक्षाही घेतली नाही, चालतच गेल्या.

त्या घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. शेजारीण जवळ बसली होती. तिने सांगितलं, म्हातारा आपणहून आडवा झाला, चप्पल कुठे आहे विचारलं आणि डोळे मिटले. मला हे रोस्तमकडून कळलं. जनाजाला तो गेला होता, मला जाववलं नाही.

कुलखानीची, मयतानंतरची दुवा झाल्यावर आपा पुन्हा आल्या. चेहऱ्यावर झोप झालेली दिसत होती. मिठाईचा पुडा माझ्यासमोर ठेवला.

"गावाकडच्यांना द्यायला प्रती हव्यात, मामा. आता पूर्ण पुस्तकाच्या."

"देतो की."

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. फाइल उघडली. छापण्याआधी अनुक्रमणिका एकदा ताजी करायची असते. हात सवयीने गेला.

चांदपूर. हिजला. धुलिया. सगळे आकडे बरोबर होते. शेवटी निशिंदार चर, त्याखाली आफताबुद्दीन सारेंग.

त्याखाली आणखी एक ओळ होती.

रिकाम्या ओळीला अनुक्रमणिकेत जागा मिळत नाही. नाव नसेल तर ओळच येत नाही. हे मी शेकडो वेळा शिकवलंय.

नाव नव्हतं. नुसते ठिपके होते आणि शेवटी पानाचा आकडा.

"दिसतंय का अब्बांचं नाव?" आपा उठून माझ्यामागे आल्या. "दाखवा ना."

मी तळहात पडद्यावर ठेवला, त्या ओळीवर. त्या वाकल्या. माझ्या बोटांच्या वर त्यांनी नाव वाचलं, ओठांतल्या ओठांत दुवा म्हटली.

"छान दिसतंय," त्या म्हणाल्या. "हात काढा की, मामा. पान नीट बघू द्या."

"पडद्यावर धूळ आहे आपा, पुसतोय. तुम्ही उद्या या. प्रती तयार ठेवतो."

त्या गेल्या. गल्लीच्या वळणापर्यंत त्यांची पाठ दिसत होती. हाताखालची काच गार होती. हात काढला की तिथे नाव दिसेल असं मला वाटत होतं, आणि कुणाचं ते मला वाचायचं नव्हतं.

पलीकडे हंड्यावरचं झाकण वाजलं.

"मोतालेब, तेहारी आली रे!" रोस्तम ओरडला. "येतोस ना?"

"तू सुरू कर," मी म्हणालो.

"का, हात अडकलाय का?"

मी हो म्हणालो.