मालनबाईच्या चुलीपाशी

मी एक्स-रे मशिनं दुरुस्त करतो. मशिन बंद पडलं की त्याला कारण असतंच. ते शोधायचं, एवढंच माझं काम. गेल्या डिसेंबरात गंगाखेडच्या एका दवाखान्यातून बोलावणं आलं, तेव्हा बायकोलाही सोबत घेतलं. प्रियांका चिपळूणची. विषमज्वरातून उठून तिला दोन महिने झाले होते, पण अन्नावरची वासनाच उडाली होती. भाताची चार शितं चिवडायची आणि ताट सरकवायची. नऊ किलो वजन उतरलं होतं. हवापालट झाला तर भूक लागेल, अशी मला आशा होती.

काम साडेबाराला संपलं. गाडी दवाखान्यापाशीच ठेवून आम्ही चालत निघालो. नदीकडच्या रस्त्यावर यात्रेकरूंची हॉटेलं होती. तिकडे वळणार, तोच प्रियांका एका अरुंद बोळात शिरली.

"आदी, इकडून भाकरीचा वास येतोय."

मला काहीच वास येत नव्हता. पण तिला अन्नाचा वास हवासा वाटला, यातच मी खूश झालो.

बोळाच्या टोकाला पत्र्याची पडवी होती. पाटी नव्हती. आत चुलीतल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचा धूर आणि भिंतीला पाठ लावून जेवणारी सहा-सात माणसं. चुलीपुढे साठीची एक बाई भाकरी थापत होती. मालनबाई, असं जेवणाऱ्यांनी तिला हाक मारली तेव्हा कळलं. तिनं मान वर करून प्रियांकाकडं पाहिलं.

"आलीस? हात धू अन् बस."

खेड्यातली मोकळी बोलण्याची तऱ्हा असेल, असं मी मनाशी म्हटलं.

प्रियांकानं तीन भाकरी खाल्ल्या. अंबाडीची भाजी दोनदा मागून घेतली. एरवी तिखटानं तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, आता ती ठेचा बोटानं पुसून खात होती. मग उठली, आतल्या खोलीत गेली आणि पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन आली.

"माठ आत आहे, हे तुला कसं कळलं?"

"तितंच असतंय की," ती म्हणाली.

तिच्या तोंडी तो हेल मी कधी ऐकला नव्हता. शेजारी भिंतीपाशी बसलेले एक म्हातारे जेवता जेवता थांबून माझ्याकडं पाहू लागले. मला तिथं बसवेना. पण ती जेवत होती. दोन महिन्यांनी पोटभर जेवत होती. तिला उठवायचं माझ्या जिवावर आलं.

"तू जेव. मी गाडी बोळाच्या तोंडाशी आणतो," म्हणालो आणि निघालो. एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

परत आलो तेव्हा एक वाजून सतरा.

चुलीपुढे प्रियांका बसली होती. पदर खोचलेला. सकाळी ती पंजाबी ड्रेसमध्ये होती. काटवटीत पीठ मळून ती दोन्ही हातांनी भाकरी फिरवत होती, झरझर, हाताकडं न बघता. मालनबाई बाजूला टेकून पान खात होती.

"प्रियांका, चल."

तिनं वर पाहिलं. गिऱ्हाइकाकडं पाहतात तसं.

"बसा की. किती भाकरी टाकू तुमाला?"

मी तिचं मनगट धरून तिला उठवलं. ती निमूट उठली.

"कुठं न्हेता तिला?" मालनबाई शांतपणे म्हणाली. "मान्सं जेवायलेत अजून."

"न्हेऊ द्या मालनबाई," भिंतीपाशी बसलेले तेच म्हातारे म्हणाले. "येतीच की ती."

मी मागं वळून पाहिलं नाही.

परभणीच्या रस्त्याला लागेपर्यंत ती डोळे मिटून होती. मी दोनदा नजर टाकली. पंजाबी ड्रेसच होता, सकाळचाच. धुरानं डोळे चुरचुरले होते, मला नीट दिसलं नसेल.

उसाचे दोन-तीन ट्रॅक्टर मागं पडल्यावर तिनं डोळे उघडले.

"आदी, कुठंतरी थांबू या का? सकाळपासून पोटात काही नाही रे."

तिचाच आवाज. तिचंच बोलणं. मला रडू येईल असं वाटलं. मी डावा हात पुढं करून तिचा हात हातात घेतला.

हात खरखरीत लागला.

गाडी कडेला घेतली. बोटांच्या पेरांवर, तळहाताच्या कडेला तव्याचे चटके होते. एकावर एक, कितीतरी.

ताजा एकही नव्हता. सगळे भरून, जुने होऊन पांढरे पडलेले होते.